चालायचा कागद

परवा परभणीच्या भाजीबाजारात हरभऱ्याची कोवळी भाजी आलेली दिसली आणि मी गल्ली बदलली. भाजीवाली ओळखीची आहे. तिनं मागून हाक मारली, "मॅडम, हरभरा आलाय, आजच खुडलेला!" मी ऐकू न आल्यासारखं केलं. पन्नाशीला टेकलेली, सरकारी दवाखान्यात अर्धं आयुष्य घालवलेली बाई एका पालेभाजीला भिते, हे कोणाला सांगायचं आणि कोणत्या तोंडानं सांगायचं?

थंडी पडली की हल्ली माझं असंच होतं. मार्गशीर्ष लागला की सकाळी स्कूटरवर बोटं गारठतात. झरीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी छातीएवढी होते, तुरीला शेंगा धरतात, कापसाच्या पऱ्हाटीत वेचणाऱ्या बायकांची डोक्यावरची फडकी तेवढी दिसतात. लोकांना हा हंगाम आवडतो. मलाही आवडायचा. हुरड्याचं आवतन मी कधी चुकवलं नाही, मीटिंगा चुकवल्या. आता कोणी बोलावलं की मी काहीतरी कारण सांगते. दोन वर्षं कारणंच ऐकल्यावर लोकांनीही बोलवायचं सोडलं आहे.

माझं आरोग्य केंद्र झरीच्या पुढं आहे. गावाचं नाव लिहीत नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी वरून एक पत्र आलं. शुगर आणि बीपीच्या पेशंटला नुसत्या गोळ्या देऊ नका, व्यायामाची चिठ्ठीही लिहून द्या, आणि तो व्यायाम कुठं, कसा, केव्हा, हे गावकऱ्यांच्या सहभागातून ठरवा. सहभाग म्हणजे चहा आणि सह्या, एवढं मला नोकरीत पुरेसं कळलेलं होतं. पण त्या वर्षी मी मनावर घेतलं, कारण मी वैतागले होते. दर गुरुवारी तीच माणसं रांगेत, तीच वाढलेली शुगर. मी म्हणायची, "चाला जरा." ते म्हणायचे, "हो मॅडम." त्या 'हो'चा आणि पायांचा काही संबंध नव्हता.

मग मी केंद्राच्या ओसरीवर सतरंजी टाकून बैठक घेतली. गावची आशाताई सुनीता दहा-बारा बायका घेऊन आली. शाळेतले एक सर आले, त्यांचं अक्षर चांगलं म्हणून लिहायला. मी वेळापत्रक घरूनच करून आणलं होतं. पहाटे साडेपाच, मारुतीच्या देवळापासून सुरुवात. मी वाचून दाखवलं आणि सतरंजीवर हसू फुटलं.

"साडेपाचला?" सुनीता पदर तोंडाला लावून म्हणाली. "मॅडम, त्या टायमाला आमी चुलीपुढं असतोत. आमच्या भाकरी तुमी थापणार का?"

वेळ दुपारी चारची ठरली, उन्हं कलल्यावर. देवळापुढं पानटपरी, तिथं पुरुष बसलेले, म्हणून देवळाचा रस्ताही गेला. त्याऐवजी कॅनॉलच्या भरावावरून पाण्याच्या गेटपर्यंत जायचं आणि परत यायचं. माझ्या वेळापत्रकातला एकही शब्द उरला नाही. मला राग आला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

कौसाबाई तोवर एक अक्षर बोलली नव्हती. ती खांबाला टेकून बसली होती, पाय लांब करून. साठीची, अंगानं थोराड, कपाळ मोकळं. बागायतदार घरातली. चाळीस वर्षं ती शेतात राबली, नवरा गेल्यावर शेत एकटीनं ओढलं. मग शुगर निघाली, लेक कर्ता झाला आणि म्हणाला, माय, आता बस. त्यानं रस्त्याकडेला फरशीचं घर बांधलं, पुढच्या पडवीत प्लॅस्टिकची खुर्ची टाकली आणि आईला त्या खुर्चीत बसवलं. लेक म्हणायचा बस, सून म्हणायची बसा. सगळं मायेनंच. तीन वर्षं ती बसलेली होती.

"मॅडम, पाय आमचे चालतेत," ती म्हणाली. "पर आमच्यात बाई रिकाम्या हातानं रस्त्याला लागत न्हाई. डोक्यावर पाटी पायजे, न्हाईतर कडंवर लेकरू पायजे. मोकळ्या हातानं निघाली की गाव ईचारतंय, कामून निघालीस? कुटं निघालीस?"

"मग सांगायचं, डॉक्टरनी चालायला सांगितलंय."

"सांगून कोन ऐकतंय? कागद द्या. हातात धरायला."

मी हसले, पण बाकीच्या बायका हसल्या नाहीत. त्यांना ते एकदम पटलं होतं. हातात कागद असला की बाई कामाला चालली, असं गाव समजतं. रेशनचा असेल, बँकेचा असेल, तहसीलचा असेल. कागदाला कोणी अडवत नाही. मी पेशंटसाठी छानशी फाइल करायच्या विचारात होते. त्यांना मुठीत मावेल आणि कोपरा बाहेर दिसेल एवढाच कागद हवा होता. रंग पिवळा नको, रेशनकार्डाचा वाटतो. हिरवा चालेल. शिक्का मोठा मारा, लांबून दिसला पायजे. हे सगळं बायकांनी ठरवलं. वरच्या पत्रात त्याला 'शारीरिक हालचाल संदर्भ चिठ्ठी' असं नाव होतं. गावात त्याला पहिल्या दिवसापासून चालायचा कागद म्हणतात.

कागदाच्या पाठीमागं नियम लिहायचे होते, बायकांनीच सांगितलेले. सर लिहीत गेले. निघताना प्रत्येकीनं पुढच्या घरी हाक मारायची, शेवटचीला घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही. वाटेत बोललेलं घरी न्यायचं नाही. ह्यावर सगळ्यांनी दोनदा माना हलवल्या. मग कौसाबाईनं एक नियम सांगितला. सरांनी तो जसाच्या तसा लिहिला: दम लागला तर बसायचं. बाकीच्यांनी येताना सोबत घ्यायचं.

ती ओळ मी खोडली, लाल पेनानं. वर लिहिलं: छातीत दुखल्यास किंवा दम लागल्यास चालणे बंद करून चिठ्ठी केंद्रात जमा करावी. मी समजावूनही सांगितलं की दम लागणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, आधी तपासणी, मग चालणं. मी चूक लिहिलं नव्हतं. कोणत्याही डॉक्टरला विचारा. कौसाबाईनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बरं." आमच्याकडच्या बाईचं 'बरं' म्हणजे काय, हे मला परभणीत जन्मून, तिथंच वाढून कळायला हवं होतं. मी पुढच्या मुद्द्यावर गेले.

त्या हिवाळ्याचे पहिले आठवडे मला अजून दिसतात. चार वाजले की गल्लीच्या टोकाला पहिली हाक, मग दुसरी, मग तिसरी. कागदाचे हिरवे कोपरे मुठीतून बाहेर आलेले. भरावावर धूळ मऊ असायची, बायका चपला काढून हातात घ्यायच्या. कॅनॉलला पाणी सुटलेलं, त्याचा गारवा पिंडऱ्यांना लागायचा. एक-दोनदा मीही सोबत गेले. मला वाटलं होतं त्या नवऱ्यांबद्दल, सासवांबद्दल बोलतील. त्या बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या पिकांबद्दल बोलायच्या. ही तूर दाट झाली, त्या कापसाला पाणी कमी पडलं. जी शेतं त्यांनी वर्षानुवर्षं खाली वाकून पाहिली होती, ती आता त्या ताठ मानेनं बघत होत्या, चालता चालता.

निघताना कौसाबाई सगळ्यांत पुढं असायची. तिचं माहेर पिंगळीचं. पोरवयात ती रोज संध्याकाळी स्टेशनावर जायची, नुसती गाडी बघायला. "कोनी उतरायचं न्हाई, कोनी बसायचं न्हाई आमचं. पर मी जायाचीच," ती म्हणाली. "लग्न झालं, मंग असं उगंच जानं बंद झालं. आता तुमी पुना चालू केलंत बगा." असं म्हणून तिनं कागदाची मूठ माझ्या दंडावर आपटली. मला फार बरं वाटलं. आपण कोणाच्या तरी आयुष्यात काहीतरी केलं, असं वाटायचे दिवस आमच्या नोकरीत फार येत नाहीत.

लेकानं एकदा तिला दारात अडवलं होतं म्हणे. थंडी हाय, माय, बस आज. तिनं कागद उघडून शिक्का दाखवला. "डॉक्टरनं लिवून दिलंय. सरकारी हाय. तुज्या हातात न्हाई आता." हे सुनीतानं मला नकलेसकट सांगितलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

कॅनॉलच्या कडेलाच कौसाबाईचं शेत होतं. लेकानं त्या वर्षी बांधाला लागून हरभरा पेरला होता. हरभरा फुलावर यायच्या आधी त्याचे शेंडे खुडतात, म्हणजे झाड फुटतं, पसरतं. खुडायला कोणीही आलं तरी शेतकरी नाही म्हणत नाही. शेंड्यांवर बारीक आंबट खार असतो, बोटांना चिकटतो, चाटला की जीभ चुरचुरते. कौसाबाई तिथं थांबायची. "तुमी व्हा म्होरं, मी भाजी खुडते," म्हणायची. बाकीच्या गेटपर्यंत जाऊन परत यायच्या आणि तिला घेऊन गावात शिरायच्या. दर गुरुवारी बीपी तपासायला येताना ती माझ्यासाठी एक जुडी आणायची, ज्वारीच्या पात्यानं बांधलेली. मुठीत मावेल एवढी.

"काय हो माय, एवढीशीच?" मी चिडवायची. "एवढ्या मोठ्या शेताची मालकीण तुम्ही!"

"तुमी एकल्याच खानार. लय कशाला?"

मी घरी जाऊन ती लसणाच्या फोडणीत, थोडं ज्वारीचं पीठ लावून करायची आणि गरम भाकरीबरोबर खायची. इतकी चव मला नंतर कशाला आली नाही. आणि दर गुरुवारी मी तिला विचारायची, "चालताना काही तकलीफ?" ती म्हणायची, "काय न्हाई, मॅडम. पाय लय हलके झाले." मी तिच्या कागदावर लिहायची: तक्रार नाही. शुगर खरंच उतरत होती. तालुक्याच्या बैठकीत आमच्या कागदाचं कौतुक झालं, मी तो उंच धरून फोटोही काढून घेतला. फोटोत माझा चेहरा किती खूष आहे! तो फोटो मी फोनमधून काढून टाकला, पण त्यानं काय होतं.

पौषातला दिवस होता तो. साडेचारच्या सुमाराला केंद्रापुढं एक टेम्पो थांबला आणि सुनीताचा आवाज आला. कौसाबाईला मागं गोधडीवर झोपवलं होतं. घामानं लुगडं ओलं झालेलं, ओठ पांढरे. हातापायाला हरभऱ्याचा पाला चिकटलेला. मी ईसीजी लावला, गोळ्या जिभेखाली दिल्या, ॲम्ब्युलन्सला फोन केला. शीर शोधायला तिचा डावा हात धरला, तर मूठ गच्च मिटलेली. मी बोटं सोडवायला लागले. तिनं हात मागं ओढला. एवढी ताकद तिच्यात कुठून आली कोण जाणे.

"कागद घेऊ नका, मॅडम."

"माय, सुई लावायचीय. हात सोडा."

"बंद करू नका. मी बसन… मी मधीच बसत जाईन. बंद करू नका."

"नाही करत," मी म्हणाले. "नाही घेत कागद. तुमच्याकडंच ठेवा." तेव्हा कुठं तिनं मूठ ढिली केली, आणि कागद उजव्या हातात घेतला. परभणीला पोचायच्या आत, ॲम्ब्युलन्समध्ये, ती गेली. मी तिच्या शेजारी होते. उघड्या खिडकीतून उसाचं गुऱ्हाळ चालू असल्याचा वास येत होता आणि मला त्याचा इतका राग आला, की मी खिडकी लावून घेतली.

दहाव्यानंतर मी सुनीताला बोलावलं आणि बसवून विचारलं. ती आधी रडली. मग म्हणाली, "मॅडम, आमाला ठाव होतं. तिला पयल्या आठवड्यापासून दम लागायचा. छातीवर दगड ठिवल्यावानी व्हतंय म्हनायची. म्हून ती भाजीला थांबायची."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही? आशा आहेस तू! तुला ट्रेनिंग दिलंय मी!" मी ओरडले.

सुनीतानं डोळे पुसले आणि माझ्याकडं सरळ बघितलं. "सांगितलं असतं तर तुमी कागद जमा करून घेतला असता. तुमीच लिवलंय. मंग ती पुना त्या खुर्चीत. तिनं आमाला शपथ घातली व्हती. वाटंतलं घरी न्यायाचं न्हाई, आन् दवाखान्यातबी न्यायाचं न्हाई."

मला तिच्यावर पुन्हा ओरडायचं होतं. ओरडायला काही उरलं नव्हतं. त्या कागदावरचे बाकीचे नियम बायका अधूनमधून विसरायच्या, हाक मारायची राहायची, कोणी पुढं निघून जायची. मी खोडलेली ओळ मात्र त्यांनी एक दिवसही चुकवली नाही. दम लागला तर बसायचं, बाकीच्यांनी येताना सोबत घ्यायचं. फक्त मला त्यातून वगळलं होतं, आणि मी एकटीच अशी होते की जिला कळलं असतं तर काही करता आलं असतं. तिला वेळेवर परभणीला पाठवता आलं असतं. तपासण्या झाल्या असत्या, औषधं लागली असती. बरं वाटल्यावर ती पुन्हा चालली असती. हे सगळं 'चिठ्ठी केंद्रात जमा करावी' ह्या चार शब्दांपाशी अडलं. ते चार शब्द कोणी मागितले नव्हते. तपासणीला या, एवढं लिहून भागलं असतं. कागद काढून घ्यायची मला काय गरज होती? मी ह्याचं उत्तर दोन वर्षं शोधतेय आणि जे सापडतं ते बरं नाही. मला बैठकीत निदान एका ठिकाणी तरी माझं चालवायचं होतं.

तिचा लेक त्या दिवसांत एकदा केंद्रात आला होता. मला वाटलं भांडेल. मी तयारही होते, भांडला असता तर बरं वाटलं असतं. तो बाकावर बसला, टोपी हातात फिरवत राहिला. "मी तिला बस म्हनायचो, मॅडम," तो म्हणाला. "ऐकली न्हाई. पर लय खूष असायची वो, चालून आली की." आणि मला नमस्कार करून गेला. त्या नमस्काराचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या वर्षी कोणी चाललं नाही. मी विषय काढला नाही, बायकांनीही काढला नाही. यंदा मार्गशीर्षाच्या पहिल्या आठवड्यात सुनीता आली, मागं सात-आठ बायका. त्यात कौसाबाईची सून मीराही होती. तिलाही आता बीपी निघालंय. "कागद द्या, मॅडम," मीरा म्हणाली. मी नकोच म्हणणार होते. मग मी हिरवा कागद काढला आणि मागच्या बाजूला सगळ्यांत वर कौसाबाईची ओळ लिहिली, तिच्याच शब्दांत. खाली माझी: आणि मॅडमला सांगायचं. कागद कोणी घेणार नाही. मोठ्यानं वाचून दाखवलं. मीरानं तो घडी घालून मुठीत धरला, कोपरा बाहेर ठेवून. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं, तिनं पडवीतून रोज पाहिलं होतं.

काल मी त्यांच्याबरोबर गेले. आता मी आठवड्यातून दोनदा जातेच. कॅनॉलला पाणी होतं, ऊन पाठीवर होतं, तुरीच्या शेंगा टपोऱ्या दिसत होत्या. कौसाबाईच्या शेतापाशी आलो आणि मीरा थांबली, बांधावरून खाली उतरली, वाकली. "तुमी व्हा म्होरं," म्हणाली. बाकीच्या पुढं गेल्या. मी गेले नाही. तिच्या मागं उतरले आणि विचारलं, "मीरा, दम लागलाय का? खरं सांग. मी कागद घेणार नाही, शपथ."

तिनं वळून बघितलं. तिचा श्वास शांत होता, चेहरा उन्हानं लाल. "न्हाई वो, मॅडम. भाजीच खुडायलेय. बगा." तिनं पदराचा खोचा सोडून दाखवला. बायका अजून गेटपर्यंतही पोचल्या नव्हत्या आणि तिची ओटी भरली होती.

"घ्या की," ती म्हणाली. "आत्याबाई न्यायच्या ना तुमाला?"

मी हात घातला आणि मूठभर घेतली. मूठ उघडून पाहिली. एवढीच असायची तिची जुडी. चाळीस वर्षं शेतात राबलेल्या बाईला एवढं खुडायला किती वेळ लागत असेल? दोन मिनिटं. बाकीचा सगळा वेळ ती इथं ह्या बांधावर बसलेली असायची, छातीला हात लावून, आम्ही परत यायची वाट बघत.